वगाची घडण आणि नारायणगावची सुपारी

पुणे–नाशिक रस्त्यावरील नारायणगाव तमाशाची पंढरी म्हणून ओळखले जाते, आणि या ओळखीत जुन्नर तालुक्यातील कलावंतांइतकाच तेथे वसलेल्या तमाशाच्या बाजाराचाही वाटा आहे. नारायण खुडे यांचा फड त्यांचे पुत्र भाऊ व बापू यांनी वाढवला. भाऊंची कन्या विठाबाई नारायणगावकर (१९३५–२००२) यांनी तो महाराष्ट्रभर गाजवला आणि १९५७ व १९९० मध्ये त्यांना राष्ट्रपतींकडून गौरव मिळाला. विठाबाईंची कीर्ती प्रामुख्याने लावणीची असली, तरी फडाची खरी कसोटी लागे ती वगात.

गण, म्हणजे गणेशस्तवन, त्यानंतर गवळण आणि बतावणी झाल्यावर जे दीर्घ कथानाट्य रात्र सरेपर्यंत चाले, त्याला वग म्हणतात. उमाजी सावळजकर यांच्या फडाने १८६५ मध्ये सादर केलेला ‘मोहना बटाव’ हा पहिला वग मानला जातो, आणि पठ्ठे बापूरावांच्या ‘मिठाराणी’ने या प्रकाराला मोठी लोकप्रियता मिळवून दिली. कथानक आणि पदे रचनाकाराची असत. संवाद मात्र पुष्कळसे तालमीत तोंडी बसवले जात आणि पुढे प्रयोगागणिक बदलत. दसऱ्याच्या सुमारास तंबू घेऊन बाहेर पडलेल्या फडाचा नवा वग चैत्रापर्यंत अनेक गावांच्या प्रेक्षकांपुढे घासला जाई. कोणता प्रसंग रेंगाळतो, सोंगाड्याचा, म्हणजे विनोदी नटाचा, कोणता चिमटा लागू पडतो, हे तेथेच ठरे. म्हणून वगाचा कर्ता कोण, या प्रश्नाला एका नावाचे उत्तर देणे फारसे न्याय्य नाही.

या श्रमाचे मोल होई ते गुढीपाडव्याच्या आसपास. जुन्नर, आंबेगाव आणि शेजारच्या तालुक्यांतील गावांच्या जत्रा चैत्र–वैशाखात येतात आणि ग्रामदैवताच्या उत्सवात रात्री तमाशा हवाच, अशी रीत असल्याने यात्रा कमिट्यांची मंडळी नारायणगावला येत. तेथे फडमालक राहुट्या, बोलीत रावट्या, उभारून बसत आणि तारीख पक्की करून सुपारी, म्हणजे खेळाची ठरलेली रक्कम, स्वीकारत. नव्या वगाला वर्तमानपत्री परीक्षण क्वचितच लाभे. गेल्या साली शेजारच्या गावात खेळ कसा झाला, ही वार्ता भावात उतरे. अर्थात नाचणाऱ्या किती आहेत, हा प्रश्नही घासाघिशीत वगाच्या नावामागे राहत नसे.

ध्वनिमुद्रणाने मात्र या कलेचे सोयीस्कर तुकडे पाडले. १९०२ मध्ये कलकत्त्यात गौहरजान यांचे गाणे मुद्रित झाले, तेव्हापासून पुढे कित्येक दशके तबकडीच्या एका बाजूला तीनेक मिनिटेच मिळत; एवढ्या वेळात लावणी किंवा गवळण सामावे, पण रात्रभराचा वग सामावणे अशक्यच होते. पाश्चात्त्य रॉक बँड १९६०च्या दशकात स्टुडिओत बसून एकसंध अल्बम घडवू लागले, ते दीर्घकाळ वाजणाऱ्या तबकडीच्या बळावर. तमाशातील सलग रचनेला तसे माध्यम वेळेवर मिळाले नाही. कॅसेटने वेळेची अडचण बरीच दूर केली, तरी दुसरी अडचण उरलीच. ज्या सोंगाड्याचे कसब त्या गावच्या पाटलाला वा सरपंचाला संवादात ओढण्यात होते, त्याचा एकाच रात्रीचा मजकूर कॅसेटवर कायमचा गोठला. लावणीला मिळालेली प्रतिष्ठा आणि वगाची झालेली उपेक्षा यांमागे अभिरुचीइतकीच ही तांत्रिक मर्यादाही असावी.

आजचे फड ढोलकी–हलगीबरोबर कीबोर्ड आणि ड्रम नेतात व चित्रपटगीतांना मोठा वेळ देतात. या बदलाला ऱ्हास म्हणणाऱ्यांनी फडाचा हिशेबही पाहायला हवा. हंगामापूर्वीच कलावंतांना उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, द्यावी लागते आणि ती बहुधा कर्जाऊ असते. २०२० मध्ये गुढीपाडवा २५ मार्चला आला व त्याच दिवशी देशव्यापी टाळेबंदी सुरू झाली. जत्रा रद्द झाल्या, सुपाऱ्या बुडाल्या, आणि दिलेली उचल मात्र फडमालकांच्या अंगावर राहिली.