प्लावकता, गोड्या व खाऱ्या पाण्यातील

द्रवात बुडालेल्या किंवा तरंगणाऱ्या पदार्थावर त्या द्रवाचे जे ऊर्ध्वगामी बल कार्य करते त्यास प्लावक बल म्हणतात. ते पदार्थाने बाजूस सारलेल्या द्रवाच्या वजनाइतके असते, हा सिद्धांत सिराक्यूझच्या आर्किमिडीजने ख्रिस्तपूर्व तिसऱ्या शतकात मांडला. गोड्या पाण्याची घनता दर घनमीटरास सुमारे १,००० किलोग्रॅम, तर खुल्या समुद्राच्या पाण्याची, त्यात विरघळलेल्या क्षारांमुळे, सुमारे १,०२५ किलोग्रॅम असते.

समुद्र जहाजास नदीपेक्षा अधिक जोराने उचलून धरतो, हा समज बराच रूढ असला तरी यथार्थ नाही. तळाशी गेलेल्या दगडाविषयी तो खरा आहे, कारण दगडाने सारलेल्या पाण्याचे आकारमान दोन्हीकडे तेच राहते. परंतु तरंगणाऱ्या पदार्थावरील प्लावक बल उभय ठिकाणी त्याच्या स्वतःच्या वजनाइतकेच असते, आणि बदलते ते केवळ सारलेल्या पाण्याचे आकारमान. मालासह १०,००० टन भरणारे जहाज गोड्या पाण्यात १०,००० घनमीटर पाणी सारते, समुद्रात सुमारे ९,७५६. जलरेषेपाशी त्याचा छेद २,००० चौरस मीटर असेल, तर समुद्रातून नदीत शिरल्यावर ते सुमारे १२ सेंटिमीटर अधिक बुडते.

एवढ्याशा अंतराची दखल कायद्यास घ्यावी लागते, यामागे मोठा मानवी इतिहास आहे. प्रमाणाबाहेर लादलेली जहाजे विम्याच्या भरवशावर समुद्रात लोटणाऱ्या मालकांपायी खलाशी प्राणांस मुकत, त्याविरुद्ध ब्रिटिश पार्लमेंटाचे सभासद सॅम्युएल प्लिमसोल यांनी निकराने झुंज दिली, तेव्हा कोठे १८७६ च्या कायद्याने जहाजाच्या कुशीवर भाररेषेची खूण सक्तीची झाली. मात्र ती कोठे काढावी हे मालकाच्याच मर्जीवर सोडल्याने मूळ हेतूच विफल झाला, आणि तिची जागा नियमाने मुकर्रर होण्यास १८९० साल उजाडावे लागले.

या खुणांत गोड्या पाण्याची रेषा उन्हाळी सागरी रेषेच्या वर असते. हुगळीवरील कलकत्त्यासारख्या नदीबंदरात जहाज सागरी रेषेपलीकडे, या वरच्या रेषेपर्यंत, भरण्यास मुभा आहे, कारण समुद्र गाठताच ते आपोआप वर येते. खाडीमुखाशी मात्र पाणी मचूळ असल्याने ही सवलत पुरती मिळत नाही. तेथे जहाजावरील अधिकारी तरकाट्याने पाण्याची घनता मोजून तिच्या प्रमाणात सवलत ठरवतो.