यमुनापर्यटन : मराठीतील आद्य कादंबरी

बाबा पदमनजी यांनी लिहिलेली 'यमुनापर्यटन' ही कादंबरी १८५७ साली प्रसिद्ध झाली. मराठीतील पहिली कादंबरी म्हणून बहुतेक अभ्यासक तिचा निर्देश करतात. हिंदुस्थानातील विधवांच्या स्थितीचे निरूपण हा तिचा विषय होय. विधवापुनर्विवाहाचा कायदा आदल्याच वर्षी, १८५६ साली, संमत झाला होता. मात्र समाजाने तो स्वीकारलेला नव्हता.

लेखकाचा जन्म १८३१ साली बेळगाव येथे एका कासार कुटुंबात झाला. १८५४ मध्ये त्यांनी ख्रिस्ती धर्माची दीक्षा घेतली. ते प्रॉटेस्टंट पंथाचे होते. धर्मांतरापूर्वीची मनाची घालमेल आणि घरच्यांची ओढ त्यांनी पुढे 'अरुणोदय' या आत्मचरित्रात सविस्तर कथन केली आहे. १९०६ साली ते निवर्तले.

कादंबरीची नायिका यमुना ही मिशनच्या शाळेत शिकलेली. प्रभू येशू ख्रिस्तावर तिची श्रद्धा आहे, पण ती घरात उघड बोलून दाखविण्याची सोय नाही. पती विनायकराव सुविचारी आहे. हे दांपत्य प्रवासास निघते आणि गावोगाव त्यांना विधवा भेटतात. कुणाचे केशवपन झालेले, कुणी आप्तांच्याच घरी मोलकरणीसारखी राबणारी. इतरांचे दुःख ऐकत फिरणारी यमुना पुढे स्वतःच विधवा होते, आणि आजवर ऐकलेले सारे तिच्या वाट्यास येते. अखेरीस ती बाप्तिस्मा घेते व पुनर्विवाह करते.

कथेत धर्मचर्चा पुष्कळ आहे, आणि ती जागोजागी प्रवचनासारखी लांबते, हे मान्य केले पाहिजे. विधवांच्या हकिकती मात्र आजही वाचकाला अस्वस्थ करतात. छळ करणारे कोणी परके नसतात. सासू, दीर, प्रसंगी जन्मदाते आईबापही असतात आणि आपण धर्मच पाळतो आहोत अशी त्यांची खात्री असते.

रशियन कादंबरीकार दस्तयेवस्की यांची 'कारामाझोव्ह बंधू' ही कादंबरी १८७९-८० मध्ये, म्हणजे सुमारे बावीस वर्षांनी, क्रमशः प्रसिद्ध झाली. बाप व मुलगे यांच्यातील वैर आणि देवावरील श्रद्धा यांची तीत सांगड आहे. तेथे इव्हान निरपराध बालकांच्या यातनांबद्दल देवाकडे जाब मागतो. पदमनजींची यमुना देवाला दोष देत नाही. तिचा प्रश्न माणसांना आहे. कलेच्या दृष्टीने दोहोंची तुलना होणार नाही. तथापि विधवा व अनाथ यांचा समाचार घेणे हीच शुद्ध धर्माचरणाची खूण, असे याकोबाचे पत्र सांगते, आणि पदमनजींनी आपली लेखणी त्याच कामी लावली.