शकुंतलेचे इंजिन बदलले तेव्हा

मुंबई-नागपूर लोहमार्गावर अकोला जिल्ह्यात मूर्तिजापूर हे स्टेशन आहे. मोठ्या गाडीतून उतरलेल्या प्रवाशाला इथे आणखी एक रूळजोडी दिसते. तिच्या दोन रुळांमधले अंतर अवघे अडीच फूट, म्हणजे ७६२ मिलिमीटर. या रुळांची एक शाखा दर्यापूर, अंजनगाव ओलांडून अमरावती जिल्ह्यातल्या अचलपूरला जाते. ती ७६ किलोमीटरची आहे. दुसरी शाखा कारंजा, दारव्हा या गावांवरून यवतमाळला पोचते. तिची लांबी ११३ किलोमीटर. या मार्गावरच्या गाडीला सारा वऱ्हाड 'शकुंतला' म्हणत आला.

वऱ्हाडातला कापूस मुख्य मार्गापर्यंत आणावा आणि तिथून मुंबईच्या बंदरात न्यावा, यासाठी हा मार्ग टाकला गेला. मुंबईच्या किलिक-निक्सन या पेढीची सेंट्रल प्रॉव्हिन्सेस रेल्वे कंपनी त्याची मालक होती. गाड्या चालवण्याचे काम आधी ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेने आणि १९५१ नंतर मध्य रेल्वेने केले. मँचेस्टरला १९२१ साली तयार झालेले वाफेचे इंजिन १९२३ पासून या मार्गावर धावू लागले. त्याने सत्तर वर्षे गाडी ओढली. १५ एप्रिल १९९४ रोजी त्याच्या जागी डिझेल इंजिन आले.

गाडीचे बैल बदलावेत तसा हा बदल वरवर वाटतो. जुने सोडले, नवे जुंपले, गाडी तीच. पण जुन्या स्पोर्ट्स मोटारीत नवे इंजिन बसवू पाहणाऱ्या हौशी माणसाला विचारा. तो सांगेल की इंजिन बसवणे हा कामाचा सोपा भाग आहे. खरी परीक्षा इंजिन आणि चाक यांच्यामध्ये जे असते त्याची असते. क्लच, गिअरबॉक्स, मागच्या आसापर्यंत जाणारा दांडा आणि आसावरची दंतचक्रे ही सगळी मंडळी जुन्या इंजिनाच्या स्वभावाला जुळवून घेतलेली असतात. इंजिन बदलले की या सर्वांचा हिशेब पुन्हा मांडावा लागतो. शकुंतलेच्या बाबतीत तर वेगळाच प्रश्न होता. जुन्या इंजिनात गिअरबॉक्स नव्हताच. सत्तर वर्षे त्याच्यावाचून काही अडले नाही. मग डिझेलला त्याची गरज का पडावी?

दट्ट्यापासून चाकापर्यंत

वाफेच्या इंजिनाची रचना आठवून पाहू. बॉयलरमधली दाबाखालची वाफ सिलिंडरमध्ये शिरते आणि दट्ट्याला ढकलते. दट्ट्याला जोडलेला दांडा चाकावरच्या खुंटीला धरून असतो. दट्ट्याची एक ये-जा पूर्ण झाली की चाकाचा एक फेरा पूर्ण होतो. मध्ये दुसरे काहीही नाही. स्टीफन्सनच्या १८२९ च्या 'रॉकेट'मध्ये दट्ट्या आणि चाक यांचा असा थेट संबंध होता. पुढे शंभराहून अधिक वर्षे बहुतेक सर्व वाफेच्या इंजिनांनी तोच मार्ग धरला.

हे जमते, कारण वाफेला थांबलेल्या दट्ट्यावरही दाब देता येतो. गाडी जागची हललेली नसतानाच चाकावर सर्वांत जास्त जोर मिळतो. चाक फिरवणाऱ्या या जोराला मेकॅनिक मंडळी टॉर्क म्हणतात. आपणही तोच शब्द वापरू. गाडी हलवताना सर्वांत जास्त टॉर्क हवा असतो आणि वाफेचे इंजिन नेमका त्याच वेळी तो देते. दट्ट्या नेमका टोकाला अडकून बसू नये म्हणून दोन बाजूंच्या खुंट्या एकमेकींशी काटकोनात ठेवतात. त्यामुळे एक दट्ट्या टोकाला असला तरी दुसरा मध्यावर असतो. गाडी मागे न्यायची असेल तर झडपांची वेळ बदलायची, म्हणजे चाके उलट फिरू लागतात. मागचा गिअरही नको.

वाफेच्या मोटारींनाही हा गुण लाभला होता. अमेरिकेतल्या स्टॅनले बंधूंच्या वाफेच्या एका मोटारीने १९०६ साली फ्लोरिडाच्या वाळूवर ताशी २०५ किलोमीटरचा वेग गाठला. त्या काळच्या या विक्रमी मोटारीत गिअर बदलण्याची सोय नव्हती, कारण तिची गरजच नव्हती.

शून्याने भागाकार

आता डिझेलकडे वळू. डिझेल इंजिनात हवा इतकी दाबतात की ती तापून लाल होईल अशा तापमानाला पोचते आणि त्या उष्णतेने तेल पेटते. हवा दाबण्यासाठी इंजिन आधीच फिरत असावे लागते. ठरावीक फेऱ्यांपेक्षा हळू फिरले तर ते बंद पडते. म्हणजे थांबलेले डिझेल इंजिन अजिबात जोर देऊ शकत नाही. शिवाय ते एकाच दिशेने फिरते.

एक गणित वर्गात सोडवून घेता येईल. समजा, चाकाचा व्यास ८० सेंटिमीटर आहे. त्याचा परीघ सुमारे २.५१ मीटर होईल. गाडी ताशी २० किलोमीटर वेगाने जात असेल, तर ती सेकंदाला ५.५६ मीटर जाते. म्हणजे चाक सेकंदाला सुमारे २.२ आणि मिनिटाला सुमारे १३३ फेरे घेते. इंजिन मिनिटाला १८०० फेरे घेत असेल, तर १८०० भागिले १३३, म्हणजे सुमारे साडेतेरा हे गुणोत्तर दंतचक्रांनी साधावे लागेल. ताशी १० किलोमीटरला ते सत्तावीस होईल, ताशी ५ किलोमीटरला चौपन्न. मग गाडी उभी असताना किती? चाकाचे फेरे शून्य. १८०० भागिले शून्य.

गणिताच्या तासाला आपण मुलांना सांगतो की शून्याने भागता येत नाही. इथे तोच नियम लोखंडात उभा राहतो. कितीही दातांची चक्रे जोडली तरी फिरते इंजिन आणि थांबलेले चाक घट्ट बांधता येत नाही. मध्ये कुठेतरी घसरण ठेवावीच लागते. मोटारीचा क्लच ही अशीच ठरवून ठेवलेली घसरण आहे.

हे न मानण्याचा प्रयत्न खुद्द रुडॉल्फ डिझेल यांच्या हयातीत झाला. स्वित्झर्लंडमधल्या विंटरथूरच्या सुल्झर कारखान्यात १९१२ साली एक आगगाडीचे इंजिन तयार झाले. त्यात डिझेल इंजिन चाकांना वाफेच्या इंजिनाप्रमाणेच थेट जोडले होते. डिझेल इंजिन स्वतः पेट घेईपर्यंत दाबलेल्या हवेने गाडी ढकलायची अशी योजना होती. तो प्रयोग यशस्वी झाला नाही. डिझेलला रुळांवर यायचे असेल तर मधला दुवा नव्याने शोधावा लागेल, हा धडा मात्र त्यातून मिळाला.

तेलाचा दुवा

हा दुवा दोन प्रकारांनी साधला गेला. पहिल्या प्रकारात डिझेल इंजिन जनित्र फिरवते आणि त्या विजेवर चाकांजवळच्या मोटारी चालतात. मोठ्या मार्गावरची डिझेल इंजिने बहुधा या पद्धतीची असतात. दुसऱ्या प्रकारात हे काम तेल करते. भारतातल्या अडीच फुटी मार्गांवरच्या डिझेल इंजिनांनी ही दुसरी वाट धरली.

तेलाच्या दुव्याचे तत्त्व दाखवायला टेबलावरचे दोन पंखे पुरतात. ते समोरासमोर ठेवा आणि एकच सुरू करा. त्याच्या वाऱ्याने दुसरा, वीज नसतानाही, हळूहळू फिरू लागतो. दोन्हींमध्ये दांडा नाही, दंतचक्र नाही. दुसरा पंखा हाताने धरून ठेवला तरी पहिला फिरतच राहतो. (हे शिक्षकांनीच करावे, आणि जाळी असलेले पंखेच घ्यावेत.) हवेच्या जागी तेल घ्या, पंख्यांच्या जागी बंद डब्यातली दोन पातीचक्रे घ्या, की दुवा तयार झाला. एक चक्र इंजिन फिरवते, दुसरे गाडीची चाके फिरवते.

पण एवढ्याने टॉर्क वाढत नाही, जेवढा आत येतो तेवढाच बाहेर पडतो. तो वाढवण्याची युक्ती जर्मन अभियंता हेर्मान फ्योटिंगर यांनी १९०५ मध्ये जहाजांसाठी शोधली. त्यांनी दोन चक्रांमध्ये न फिरणारी तिसरी पाती बसवली. चाकाकडून परतणारे तेल या स्थिर पात्यांवर आदळून वळते. त्यांचा आधार मिळाल्याने चाकाकडचा टॉर्क इंजिनाच्या टॉर्कच्या कित्येक पट होतो. गाडी थांबलेली असताना तो सर्वांत जास्त असतो आणि वेग वाढेल तसा आपोआप उतरतो. वाफेचा जो स्वभाव होता तो तेलाने डिझेलला उसना दिला, असे म्हणता येईल.

उसने फुकट मिळत नाही. घसरणीत वाया गेलेली शक्ती उष्णता बनून तेलात उतरते, आणि तेल सतत थंड करावे लागते. हे नुकसान कमी करण्याच्या प्रश्नावर एका भारतीय अभियंत्याने महत्त्वाचे काम केले. मनमोहन सुरी यांनी आखलेली जोडयंत्रणा 'सुरी ट्रान्समिशन' या नावाने ओळखली जाते. गाडी हलवताना टॉर्क वाढवणारा तेलाचा दुवा वापरायचा आणि गाडीने वेग धरला की शक्ती कमी नुकसानीच्या दुसऱ्या वाटेने न्यायची, असे तिचे तत्त्व आहे. सुरींना १९६१ मध्ये पद्मश्री आणि १९६२ मध्ये शांतिस्वरूप भटनागर पुरस्कार मिळाला. पुढे दुर्गापूरच्या केंद्रीय यांत्रिक अभियांत्रिकी संशोधन संस्थेत त्यांच्या नेतृत्वाखाली 'स्वराज' ट्रॅक्टरचा आराखडा तयार झाला. वऱ्हाडातल्या शेतकऱ्याला ट्रॅक्टरचे हे नाव परके नाही.

पाणी, कोळसा आणि माणसे

मधला दुवा बदलला की त्याच्याभोवतीचे जगही बदलते. वाफेच्या इंजिनात काम झालेली वाफ धुराड्यातून निघून जाते. त्यामुळे वाटेत पुन्हापुन्हा पाणी भरावे लागते. दर्यापूर, मूर्तिजापूरचा परिसर पूर्णेच्या खारपाणपट्ट्यातला आहे. इथल्या विहिरींचे पाणी पिकालाही मानवत नाही. खाऱ्या, जड पाण्याने बॉयलरमध्ये फेस येतो आणि नळ्यांवर क्षारांचा थर बसतो. थर जाड झाला की उष्णता पाण्यापर्यंत पोचत नाही आणि धातू जळतो. अशा मुलखात वाफेचे इंजिन चालवणे म्हणजे चांगल्या पाण्याची कायमची चिंता. डिझेलमध्ये थंडाव्यासाठी लागणारे पाणी बंद नळ्यांतून तेच ते फिरते.

इंधनाचा हिशेबही डिझेलच्या बाजूने होता. वाफेचे रेल्वे इंजिन कोळशातल्या उष्णतेचा शेकडा सहा ते आठ भागच कामाला लावते. डिझेल इंजिन शेकडा तीसच्या पुढे जाते, आणि तेलाच्या दुव्यातले नुकसान वजा करूनही ते खूप पुढे राहते. शिवाय वाफ तयार व्हायला कित्येक तास आधी भट्टी पेटवावी लागते. डिझेल थोड्याच वेळात कामाला तयार होते. चित्तरंजनच्या कारखान्याने वाफेचे शेवटचे इंजिन १९७२ मध्येच बाहेर काढले होते. नवे सुटे भाग मिळणे त्यानंतर कठीण होत जाणार, हे उघड होते. म्हणून १९९४ चा निर्णय भावनेला कितीही टोचला तरी शास्त्राच्या दृष्टीने चुकीचा नव्हता.

मात्र भट्टीत कोळसा टाकणाऱ्या फायरमनचे, बॉयलर धुणाऱ्याचे, फुसफुशीवरून इंजिनाची तब्येत ओळखणाऱ्या चालकाचे कसब एका दिवसात निरुपयोगी झाले. वर घेतलेल्या मापाच्या चाकावर दोन सिलिंडरांचे इंजिन ताशी ५ किलोमीटरला सेकंदाला दोनदा फुसफुसते, कारण चाकाच्या एका फेऱ्याला चार वेळा वाफ बाहेर पडते. अनुभवी कानाला त्या तालातून वेग कळे, आणि एखादी झडप बिघडली तर तेही कळे. डिझेलच्या एकसुरी घरघरीतून चाकाचा वेग कळत नाही. इंजिन आणि चाक आता एकमेकांना बांधलेले नसतात, आणि मधली घसरण हेच त्याचे कारण.

जे बदलले नाही

नव्या इंजिनाने गाडी वेगवान व्हायला हवी होती. तशी ती झाली नाही. शकुंतला पुढेही ताशी २० किलोमीटरच्या आसपासच रेंगाळत राहिली, कारण वेगाची मर्यादा इंजिनाने घातलेली नव्हती. ती जुन्या रुळांनी घातली होती. रुळांची मालकी कंपनीकडे आणि गाडी चालवणारी रेल्वे वेगळी, अशी जुनी व्यवस्था स्वातंत्र्यानंतरही या मार्गावर टिकून राहिली. इंजिन रेल्वेचे होते, ते बदलता आले. मार्गाला नवे रूप देण्याचा प्रश्न वर्षानुवर्षे तसाच राहिला. बैल बदलले, चाकोरी तीच राहिली.

आज या रुळांवर प्रवासी गाडी धावत नाही. मार्ग रुंद करून पुन्हा सुरू करावा, अशी मागणी अचलपूरपासून यवतमाळपर्यंत होत आली आहे. सकाळी थोड्या पैशांत मूर्तिजापूर गाठणाऱ्या खेड्यांच्या दृष्टीने हा आठवणींपेक्षा सोयीचा प्रश्न अधिक आहे.

आम्हाला वाटते, यंत्रे शिकवताना आपण इंजिनावर फार वेळ घालवतो आणि मधल्या दुव्याला दोन ओळींत आटोपतो. सायकलची साखळी, ट्रॅक्टरचा गिअरबॉक्स, चक्कीचा पट्टा या वस्तू प्रत्येक गावात आहेत. त्यांतली एखादी मुलांसमोर ठेवावी आणि तीन प्रश्न विचारावेत. शक्ती कुठून येते? ती कशातून जाते? आणि जिथे पोचते तिथली जमीन ती पेलू शकते का? शकुंतलेच्या इतिहासात पहिल्या प्रश्नाचे उत्तर १९९४ मध्ये बदलले आणि दुसऱ्याचे उत्तर त्याबरोबर बदलावे लागले. तिसरा प्रश्न मात्र कोणी वेळेवर हाती घेतला नाही.