पक्षांतराचे गणित

१९५० साली अमलात आलेल्या राज्यघटनेत राजकीय पक्षांची दखलच घेतलेली नव्हती. मतदाराने उमेदवार निवडून द्यायचा, निवडून आलेल्याने सभागृहात बसायचे आणि ज्याच्या मागे बहुमत त्याने सरकार चालवायचे, एवढीच तिची मांडणी होती. प्रत्यक्षात मतदार पक्षाचे चिन्ह पाहून मत देत होता आणि बहुमत मोजले जात होते ते पक्षांच्या बाकांवरून. निवडून आल्यावर आमदाराने पक्ष सोडला तर त्याच्या जागेचे काय, याचे उत्तर कायद्यात नव्हते. कायद्याच्या लेखी ती जागा त्याची स्वतःची होती. पहिली पंधरा वर्षे याची फारशी झळ बसली नाही. पक्षांतरे तेव्हाही होत, पण केंद्रात आणि बहुतेक राज्यांत काँग्रेसचे पारडे इतके जड होते की पाच-दहा जण आले काय नि गेले काय, सरकारला धक्का लागत नसे.

१९६७ च्या चौथ्या सार्वत्रिक निवडणुकीने हे चित्र बदलले. अनेक राज्यांत काँग्रेसचे बहुमत गेले किंवा काठावर आले, आणि काठावरच्या सभागृहात एकेका आमदाराला भाव आला. उत्तर प्रदेशात चरणसिंग आपले समर्थक घेऊन बाहेर पडले आणि चंद्रभानू गुप्तांचे सरकार तीन आठवडेही टिकले नाही. मध्य प्रदेशात गोविंद नारायण सिंग यांच्या गटाने द्वारकाप्रसाद मिश्रांना खाली खेचले. सर्वांत गाजले ते हरियाणा. हसनपूरहून अपक्ष म्हणून निवडून आलेले गयालाल काँग्रेसमध्ये गेले, तिथून संयुक्त आघाडीत, पुन्हा काँग्रेसमध्ये आणि काही तासांतच पुन्हा आघाडीत. पंधरवड्यात तीनदा पक्ष बदलणाऱ्या या आमदाराच्या नावावरून ‘आयाराम-गयाराम’ हा शब्दप्रयोग देशभर रूढ झाला. गयालाल त्यामुळे अमर झाले खरे, पण तसे करणारे ते एकटे नव्हते. नोव्हेंबर १९६७ मध्ये हरियाणाची विधानसभाच विसर्जित करावी लागली.

डिसेंबर १९६७ मध्ये लोकसभेने या प्रश्नावर समिती नेमण्याचा ठराव केला. तेव्हाचे केंद्रीय गृहमंत्री यशवंतराव चव्हाण तिचे अध्यक्ष झाले. जयप्रकाश नारायण, हृदयनाथ कुंझरू, मोतीलाल सेटलवाड, सी. के. दफ्तरी अशी मंडळी सदस्य होती. फेब्रुवारी १९६९ मध्ये संसदेसमोर आलेला तिचा अहवाल आजही वाचण्यासारखा आहे, तो त्यातल्या आकड्यांमुळे. पहिल्या आणि चौथ्या निवडणुकीच्या दरम्यान देशात ५४२ पक्षांतरे झाली होती. चौथ्या निवडणुकीनंतरच्या एका वर्षातच ती ४३८ झाली. निवडून आलेल्या ३७६ अपक्षांपैकी १५७ जण कोणत्या ना कोणत्या पक्षात गेले होते. आणि पक्ष बदललेल्या २१० आमदारांपैकी ११६ जण, ज्या सरकारांना त्यांनी जन्म दिला, त्याच सरकारांत मंत्री झाले होते. तत्त्व, विकास, मतदारसंघाची कामे अशी पक्षांतराची जी कारणे पत्रकार परिषदांत सांगितली जातात, त्यांच्या शेजारी हा शेवटचा आकडा ठेवून पाहण्यासारखा आहे.

म्हणूनच समितीने मंत्रिपदावर बोट ठेवले. पक्ष सोडणाऱ्याला वर्षभर, किंवा तो पुन्हा निवडून येईपर्यंत, मंत्री करू नये आणि मंत्रिमंडळाच्या आकाराला सभागृहाच्या सदस्यसंख्येच्या सुमारे एक दशांशाची मर्यादा घालावी, असे तिने सुचवले. पक्षांनी आपसात आचारसंहिता पाळावी अशीही एक शिफारस होती. तिचे काय झाले असेल हे वेगळे सांगायला नको. १९७३ मध्ये आणलेले घटनादुरुस्ती विधेयक लोकसभेबरोबर विरले. १९७८ मध्ये जनता सरकारने आणलेल्या विधेयकाला मांडतानाच इतका विरोध झाला की ते मागे घेण्यात आले. सदस्याचे सभागृहातले स्वातंत्र्य पक्षाच्या दावणीला बांधू नये, हा त्या विरोधामागचा मुद्दा खोटा नव्हता. पुढे तो खराही ठरला.

दरम्यानच्या काळात गोवा आणि महाराष्ट्र या दोन्ही ठिकाणी हा खेळ आपापल्या परीने रुजत होता. १९७० मध्ये दयानंद बांदोडकरांच्या महाराष्ट्रवादी गोमंतक पक्षातले (मगोप) सात आमदार त्यांच्याविरुद्ध उभे राहिले, आणि बांदोडकरांचे सरकार वाचले ते तोवर कट्टर विरोधक असलेल्या युनायटेड गोवन्स पक्षाच्या आधाराने. महाराष्ट्रात १९७८ च्या निवडणुकीत कोणालाच बहुमत मिळाले नाही. जनता पक्ष ९९ जागा घेऊन पहिला आला, पण काँग्रेस आणि इंदिरा काँग्रेस या दोन्हींनी हातमिळवणी केली. वसंतदादा पाटील मुख्यमंत्री आणि इंदिरा काँग्रेसचे नाशिकराव तिरपुडे उपमुख्यमंत्री झाले. पहिल्या दिवसापासून धुसफुसणारे हे सरकार चार महिने चालले. जुलैमध्ये मंत्रिमंडळातलेच शरद पवार सुमारे चाळीस आमदारांसह बाहेर पडले आणि जनता पक्ष, शेतकरी कामगार पक्ष व इतरांच्या साथीने पुरोगामी लोकशाही दलाचे, म्हणजे ‘पुलोद’चे, मुख्यमंत्री झाले. तेव्हा त्यांचे वय ३७ होते. ‘पाठीत खंजीर’ हा मराठी राजकारणाचा ठेवणीतला आरोप या घटनेला कायमचा चिकटला. कायद्याचे बोट मात्र कोणालाच लागले नाही, कारण कायदाच नव्हता. ते सरकार फेब्रुवारी १९८० मध्ये गेले तेही आमदार फुटून नव्हे, तर दिल्लीत सत्ता बदलल्यावर केंद्राने बरखास्त केले म्हणून. त्याच सुमारास हरियाणात मुख्यमंत्री भजनलाल यांनी जनता पक्षाचे अख्खे सरकारच इंदिरा काँग्रेसमध्ये नेले.

डिसेंबर १९८४ च्या निवडणुकीत चारशेहून अधिक जागा मिळालेल्या राजीव गांधी सरकारने काही आठवड्यांतच ५२ वी घटनादुरुस्ती मंजूर करून घेतली. १ मार्च १९८५ पासून ती लागू झाली आणि राज्यघटनेला दहावे परिशिष्ट जोडले गेले. त्याची रचना नीट समजून घेतल्याशिवाय पुढचे काहीच कळत नाही. सदस्याने स्वेच्छेने पक्ष सोडला, किंवा पक्षादेश डावलून मतदान केले वा तो गैरहजर राहिला, तर त्याचे सदस्यत्व जाते. अपक्षाने निवडून आल्यावर कोणताही पक्ष स्वीकारला तरी तेच. याला दोन मोठे अपवाद ठेवले होते: विधिमंडळ पक्षातले एक तृतीयांश सदस्य मिळून बाहेर पडले तर ती ‘फूट’, आणि दोन तृतीयांश दुसऱ्या पक्षात गेले तर ते ‘विलीनीकरण’. दोन्हींना संरक्षण होते. आणि हे सारे ठरवायचे कोणी, तर सभागृहाच्या अध्यक्षाने, म्हणजे जो बहुधा सत्ताधारी पक्षाचाच असतो त्याने. किरकोळ पक्षांतराला बंदी आणि घाऊक पक्षांतराला मोकळीक, अशी टीका तेव्हाच झाली. तिचा प्रत्यय यायला फार वाट पाहावी लागली नाही.

गोव्यात नोव्हेंबर १९८९ च्या निवडणुकीत चाळीसपैकी काँग्रेसला २० आणि मगोपला १८ जागा मिळाल्या होत्या. वीसचे एक तृतीयांश म्हणजे सात. मार्च १९९० मध्ये काँग्रेसचे बरोबर सात आमदार बाहेर पडले आणि त्यांत खुद्द सभापती लुईस प्रोटो बार्बोझा होते. फूट झाली की नाही हे ठरवणारी खुर्चीच फुटणाऱ्यांत सामील झाली होती. प्रतापसिंह राणेंचे सरकार पडले, चर्चिल आलेमाव जेमतेम अडीच आठवडे मुख्यमंत्री राहिले आणि मग बार्बोझा स्वतः त्या पदावर आले. वर्ष संपता संपता तेच अपात्र ठरले आणि राज्यात राष्ट्रपती राजवट आली. त्यानंतरची दहा-बारा वर्षे गोव्यात मुख्यमंत्र्यांच्या नावांची यादी पाठ ठेवणे हेच एक कसब होते. चाळीस जणांच्या सभागृहात तीन-चार माणसे फिरली तरी सरकार फिरते, हे त्याचे साधे कारण.

महाराष्ट्रात हेच गणित डिसेंबर १९९१ मध्ये, नागपूरच्या हिवाळी अधिवेशनात मांडले गेले. शिवसेनेचे ५२ आमदार होते. एक तृतीयांशासाठी १८ हवे होते. छगन भुजबळ यांनी अठरा जणांचा गट दाखवला. त्यांतले बारा जण लगेच माघारी फिरले, पण विधानसभा अध्यक्ष मधुकरराव चौधरी यांनी फूट मान्य केली होती. मोजणीच्या क्षणी आकडा भरला, मग पुढे गटात कितीही उरले तरी चालते, हा धडा त्यातून सगळ्यांनीच घेतला. याआधीच एका नागालँड प्रकरणातून कायद्याची वैधता सर्वोच्च न्यायालयासमोर आली होती. फेब्रुवारी १९९२ च्या किहोतो होलोहान निकालात न्यायालयाने तीन विरुद्ध दोन अशा मतांनी कायदा टिकवला, मात्र अध्यक्षाचा निर्णय न्यायालयात तपासता येईल असे ठरवले. अल्पमतातल्या न्यायमूर्तींना हा निवाडा अध्यक्षाकडे सोपवणेच मान्य नव्हते. दोन वर्षांनी, गोव्यातूनच गेलेल्या रवी नाईक खटल्यात, पक्ष ‘स्वेच्छेने सोडणे’ म्हणजे केवळ राजीनामा नव्हे, वागणुकीवरूनही ते ठरवता येते, असे न्यायालयाने स्पष्ट केले.

सर्वोच्च न्यायालयाच्या १९९४ च्याच बोम्मई निकालाने आणखी एक गोष्ट बदलली. बहुमताची परीक्षा राजभवनात नव्हे तर सभागृहातच व्हावी, असे त्यात सांगितले होते. तोवर आमदारांची शिरगणती राज्यपालांच्या दिवाणखान्यात होई, सह्यांची पत्रे तिथे पोहोचत. आता मतदानाच्या दिवसापर्यंत माणसे हाताशी ठेवणे भाग पडले. आमदारांना परराज्यात नेऊन ठेवण्याची रीत त्याआधीचीही होती. १९८४ मध्ये एन. टी. रामारावांनी आपले आमदार कर्नाटकात नेले होते. पण रिसॉर्ट, खासगी बस आणि काढून घेतलेले मोबाइल हा सरकार स्थापनेचा नेहमीचा भाग झाला तो नंतर. गंमत अशी की लोकशाही शुद्ध करणाऱ्या निकालाचा हॉटेल व्यवसायाला झालेला फायदा कोणी मोजलेला नाही.

‘फुटी’चा अपवाद किती ताणता येतो हे १९९७ मध्ये उत्तर प्रदेशात दिसले. कल्याणसिंग यांनी काँग्रेस आणि बसपातून फुटून आलेल्यांसह ९३ मंत्र्यांचे मंत्रिमंडळ केले. अखेर २००३ च्या ९१ व्या घटनादुरुस्तीने एक तृतीयांशाचा अपवाद काढून टाकला आणि मंत्रिमंडळाला सभागृहाच्या पंधरा टक्क्यांची मर्यादा घातली. चव्हाण समितीची शिफारस चौतीस वर्षांनी, थोडी सैल होऊन, कायद्यात आली. २८८ आमदारांच्या महाराष्ट्रात त्यामुळे मुख्यमंत्र्यांसह ४३ मंत्री होऊ शकतात. लहान राज्यांसाठी किमान बाराची सवलत ठेवली. पंधरा टक्क्यांच्या हिशेबाने गोव्याला सहाच मंत्री मिळाले असते. सवलतीमुळे चाळीसपैकी बारा, म्हणजे दर दहा आमदारांमागे तिघे मंत्री होऊ शकतात. महामंडळांची अध्यक्षपदे यात मोजली जात नाहीत.

एक तृतीयांश गेले, तसे गणित दोन तृतीयांशांवर आले. मार्च २०१९ मध्ये गोव्यात मगोपच्या तीनपैकी दोन आमदारांनी मध्यरात्रीनंतर आपला विधिमंडळ पक्ष भाजपमध्ये विलीन केला. त्याच जुलैत काँग्रेसच्या पंधरापैकी दहा जण, विरोधी पक्षनेते बाबू कवळेकर यांच्यासह, तिकडे गेले. धडा घेऊन काँग्रेसने २०२२ च्या निवडणुकीआधी आपल्या उमेदवारांना पणजीचे महालक्ष्मी मंदिर, बांबोळीचा क्रूस आणि बेतीचा दर्गा अशा तिन्ही ठिकाणी नेऊन पक्ष न सोडण्याची शपथ दिली. सप्टेंबरमध्ये अकरापैकी आठ जण भाजपमध्ये गेले. तीनचे दोन तृतीयांश दोन, पंधराचे दहा, अकराचे आठ. तिन्ही वेळा कायद्याला लागतात तेवढेच, एकही जादा नाही. मूळ पक्ष विलीन झालेला नसताना केवळ आमदारांचे विलीनीकरण चालते का, हा प्रश्न मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठापुढे गेला तेव्हा फेब्रुवारी २०२२ मध्ये खंडपीठाने आमदारांच्या बाजूने कौल दिला.

विलीनीकरणाची एक अडचण होती: त्यात आपला पक्ष सोडून दुसऱ्याचे नाव घ्यावे लागते. जून २०२२ मध्ये महाराष्ट्रात ती टाळण्याची वाट सापडली. विधान परिषदेच्या मतदानाच्या रात्री एकनाथ शिंदे समर्थकांसह सुरतेला आणि तिथून गुवाहाटीला गेले. शिवसेनेचे आमदार ५५, दोन तृतीयांश ३७. शिंदे यांच्यासोबत त्याहून अधिक होते. तरीही त्यांनी विलीनीकरण केले नाही. आपणच शिवसेना, असा दावा केला. एकाच पक्षाचे दोन गटनेते आणि दोन प्रतोद झाले. सुनील प्रभूंचा पक्षादेश खरा की भरत गोगावलेंचा, यावर सगळे येऊन ठेपले. उद्धव ठाकरे यांनी सभागृहाला सामोरे जाण्याआधीच राजीनामा दिला. १९६८ च्या निवडणूक चिन्ह आदेशानुसार निवडणूक आयोगाने फेब्रुवारी २०२३ मध्ये नाव आणि धनुष्यबाण शिंदे गटाला दिले. मे महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की प्रतोद नेमण्याचा अधिकार विधिमंडळ पक्षाचा नव्हे, राजकीय पक्षाचा आहे, आणि राज्यपालांनी बहुमत चाचणी बोलावणे चूक होते. पण ठाकरे यांनी स्वतःच राजीनामा दिल्याने जुने सरकार परत आणता येणार नाही. अपात्रतेचा निर्णय वाजवी मुदतीत घेण्याचे काम अध्यक्षांकडे परत गेले. जुलै २०२३ मध्ये अजित पवारांच्या गटाने राष्ट्रवादी काँग्रेसमध्ये हीच वाट धरली.

अध्यक्ष राहुल नार्वेकर यांनी जानेवारी २०२४ मध्ये शिंदे गटालाच मूळ शिवसेना मानले आणि दोन्ही गटांतल्या एकाही आमदाराला अपात्र ठरवले नाही. ठाकरे गट सर्वोच्च न्यायालयात गेला. नोव्हेंबर २०२४ मध्ये विधानसभेची मुदत संपली, निवडणूक झाली, दोन्ही सेना वेगवेगळ्या चिन्हांवर लढून नव्या सभागृहात आल्या. जुन्या सभागृहातल्या अपात्रतेचे प्रकरण तेव्हाही न्यायालयात प्रलंबितच होते.