उक्ती आणि कृती : अमेरिकेचे १९५५ साल



राष्ट्राची पारख त्याच्या घोषणांवरून करावी की वागणुकीवरून, हा प्रश्न जुनाच आहे. अमेरिकेपुरता त्याचा विचार करावयाचा तर सारा इतिहास चाळण्याचे कारण नाही. १९५५ हे एकच साल पुरेसे आहे.

शीतयुद्ध तेव्हा भरात होते आणि अमेरिका स्वतःस 'स्वतंत्र जगा'चा अग्रणी म्हणवीत होती. प्रत्येक जनतेस आपली राज्यपद्धती निवडण्याचा हक्क आहे, असे १९४१ च्या अटलांटिक सनदेत रूझवेल्ट व चर्चिल यांनी जाहीर केले होते. शाळांतील वर्णभेद घटनाबाह्य ठरविणारा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल १७ मे १९५४ रोजी लागला होता. त्या खटल्यात खुद्द सरकारनेच १९५२ साली न्यायालयास सांगितले होते की, वर्णभेदामुळे कम्युनिस्टांच्या प्रचाराला आयते खाद्य मिळते. म्हणजे घरातला अन्याय बाहेर महाग पडतो, हे वॉशिंग्टनला पुरते उमगले होते.

आता ऑगस्ट १९५५ पाहा. भारताचे राजदूत गगनविहारी मेहता ह्यूस्टनच्या विमानतळावरील उपाहारगृहात गेले असता, गोऱ्यांच्या दालनातून उठून निराळ्या खोलीत बसावे, असे त्यांना सांगण्यात आले. परराष्ट्रमंत्री डलेस यांनी तातडीने क्षमा मागितली. त्याच महिन्याच्या २८ तारखेस मिसिसिपीत एमेट टिल या चौदा वर्षांच्या काळ्या मुलाचा खून झाला. सप्टेंबरात केवळ गोऱ्या पंचांनी दोघा आरोपींना निर्दोष सोडले. पुढे जानेवारी १९५६ मध्ये एका पाक्षिकात त्यांनी खुनाची कबुली छापवून आणली, तरी त्यांचे काही बिघडले नाही. राजदूताची क्षमा मागितली गेली. टिलच्या आईला न्याय मिळाला नाही. कारण राजदूतामागे एक राष्ट्र उभे होते, आणि त्या माउलीचे राष्ट्र तर अमेरिकाच होते!

परराष्ट्रनीतीतही तोच प्रकार. १५ ऑगस्ट १९५५ रोजी गोव्याच्या सीमेवर निःशस्त्र सत्याग्रही पोर्तुगिजांच्या गोळ्यांना बळी पडले. सालाझारची राजवट उघड हुकूमशाही होती. पण पोर्तुगाल १९४९ पासून नाटोचा सभासद होता आणि अझोर्स बेटांवरचा विमानतळ अमेरिकेस हवा होता. २ डिसेंबरला डलेस यांनी पोर्तुगालच्या परराष्ट्रमंत्र्यांसह काढलेल्या पत्रकात गोव्यासारख्या वसाहतींचा उल्लेख पोर्तुगालचे 'प्रांत' असा केला. १९५१ साली सालाझारने वसाहतींना लावलेली ही नवी पाटी अमेरिकेने जशीच्या तशी उचलली. आदल्याच दिवशी, १ डिसेंबरला, माँटगोमेरीत गोऱ्या उतारूसाठी जागा सोडण्यास नकार दिल्यावरून रोझा पार्क्स यांना अटक झाली होती.

पुढे १९६१ साली राष्ट्रसंघात ॲडलाय स्टीव्हन्सन यांनी गोव्यातील भारतीय कारवाईचा तीव्र निषेध केला. बळाचा वापर निषिद्ध, हे तत्त्व चांगलेच आहे. परंतु त्याच वर्षी एप्रिलमध्ये अमेरिकेने शिकविलेली, शस्त्रे पुरविलेली तुकडी क्यूबाच्या किनाऱ्यावर उतरली होती आणि याच स्टीव्हन्सननी अमेरिकेचा हात साफ नाकारला होता. त्यांच्याच सरकारने त्यांना अंधारात ठेवले होते, हे खरे. पण त्याने सरकारची बाजू उजळत नाही.

तथापि न्यायाने बोलावयाचे तर दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. मार्च १९६१ मध्ये अंगोलाच्या प्रश्नावर अमेरिकेने आपल्याच मित्राविरुद्ध, पोर्तुगालविरुद्ध, मत दिले. माँटगोमेरीतील काळ्या नागरिकांनी ३८१ दिवस बसवर बहिष्कार घालून तेथील भेद मोडला. १९६४ चा नागरी हक्क कायदा आणि १९६५ चा मतदान हक्क कायदा ही सरकारने आपखुशीने दिलेली दाने नव्हेत. तुम्हीच लिहिलेले शब्द पाळा, असे ठणकावून सांगणाऱ्या माणसांनी ती मिळविली.

दांभिकपणात एक कबुली दडलेली असते. तत्त्व तोंडाने मान्य करणाऱ्याला त्याच तत्त्वावर धरता येते. मात्र धरणारे हात हवेत. ही गोष्ट दूरदेशची म्हणून आपण निवांत बसू नये. आपला अस्पृश्यतेविरुद्धचा कायदाही १९५५ चाच आहे, आणि तो झाला म्हणून गावोगावच्या विहिरी त्याच दिवशी खुल्या झाल्या नाहीत. डलेस यांना लावलेला गज आपल्या अंगणातही तितक्याच काटेकोरपणे लावला, तरच दुसऱ्यास जाब विचारण्याचा अधिकार आपल्याला पोचतो.