चित्र आणि कथन : सिल्वासाच्या शाळांच्या निमित्ताने

शिक्षणात चित्राला स्थान असावे की नसावे, हा वाद आता उरलेला नाही. चित्राने काय साधते आणि काय साधत नाही, हा प्रश्न मात्र प्रत्येक नव्या साधनाबरोबर पुन्हा उभा राहतो. डोळ्यांवर यंत्र चढवून विद्यार्थ्यास चहूबाजूंनी हलत्या चित्राने वेढणारे ‘आभासी वास्तव’ हे त्यांतील अलीकडचे साधन होय. त्याची योग्यता ठरविताना आपल्या प्रदेशाचा इतिहास काय सांगतो, हे पाहणे अगत्याचे आहे.

कुडाळजवळच्या पिंगुळी गावी ठाकर समाजातील चित्रकथी पोथीतील एकेक चित्र श्रोत्यांपुढे धरून रामायण-महाभारतातील आख्याने सांगत आले. तेथे चित्र बदलते ते कथेच्या ओघाने. वारल्यांच्या लग्नात सुवासिनी भिंतीवर पालघट देवीचा चौक लिहितात आणि धवलेरी लग्नाची गीते गाते. रेखा आणि वाणी ही तेथे एकाच विधीची दोन अंगे आहेत. जत्रेतील पेटीत डोकावणारे मूल चित्रापुरते एकटे असे, पण पेटीवाल्याचे गाणे त्याच्या कानी पडतच असे.

यंत्रे आली तेव्हाही हा संबंध तुटला नाही. कल्याणच्या महादेव गोपाळ पटवर्धनांनी १८९२ मध्ये ‘शांबरिक खरोलिका’ या नावाने जादूच्या कंदिलाचे खेळ सुरू केले. काचांवर हाताने रंगविलेली चित्रे पडद्यावर हलल्याचा भास होई. परंतु त्यांच्या जोडीला निवेदन आणि संगीत असे. पुढे १९१२ मध्ये दादासाहेब फाळक्यांनी वाटाण्याच्या रोपाची वाढ टप्प्याटप्प्याने टिपून एक लहानसा चित्रपट केला. भांडवल मिळविण्यासाठी दाखविलेली ही फीत आपल्याकडील शैक्षणिक चित्रपटाचा आरंभ मानावयास हरकत नाही. जे डोळ्यांस एरवी दिसू शकत नाही, ते दाखविणे हे चित्राचे खरे सामर्थ्य तिने सिद्ध केले.

आभासी वास्तवाचे मूळही जुनेच आहे. दोन डोळ्यांस किंचित भिन्न अशी दोन चित्रे दाखविली असता खोलीचा भास होतो, हे चार्ल्स व्हीटस्टन यांनी १८३८ मध्ये दाखवून दिले. आजच्या यंत्रात त्या तत्त्वाला मान वळेल तसे दृश्य वळविण्याची जोड मिळाली आहे. ‘मी तेथेच आहे’ ही प्रतीती त्यातून येते. पण प्रतीती म्हणजे ज्ञान नव्हे.

कॅलिफोर्नियातील जोसेलिन पॅराँग व रिचर्ड मेयर यांनी २०१८ मध्ये प्रसिद्ध केलेले प्रयोग या बाबतीत उद्बोधक आहेत. काही विद्यार्थ्यांनी यंत्रातून रक्तप्रवाहात व पेशीत ‘प्रवास’ केला. इतरांनी तोच धडा संगणकाच्या पडद्यावर साध्या चित्रमालिकेतून पाहिला. गोडी पहिल्यांना अधिक वाटली. परीक्षेत मात्र दुसरे सरस ठरले. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, गिडो माक्रान्स्की व सहकाऱ्यांच्या प्रयोगातही हेच दिसले : प्रत्यक्षतेचा भास अधिक, शिकणे कमी. दृश्यांच्या गर्दीने मनावर ताण पडतो व विचारास अवकाश उरत नाही, हे त्याचे एक संभाव्य कारण होय. परंतु पॅराँग-मेयर यांच्याच दुसऱ्या प्रयोगात धड्याचा एकेक भाग संपताच विद्यार्थ्यांस त्याचा सारांश लिहावयास लावले, तेव्हा त्यांचे शिकणे सुधारले आणि गोडीही उणावली नाही. थोडक्यात, यंत्राने गमावलेले कथनाने परत मिळविले. चित्रकथ्याने जे परंपरेने जाणले होते, ते प्रयोगशाळेने मोजून दाखविले. फरक इतकाच की, येथे कथा सांगण्याची पाळी पाहणाऱ्याची आहे.

सिल्वासाच्या बाबतीत हा मुद्दा केवळ अध्यापनतंत्राचा राहत नाही. दादरा व नगर हवेलीचा हा प्रदेश १९५४ मध्ये पोर्तुगीज सत्तेतून मुक्त झाला. त्या लढ्यात सुधीर फडके, राजाभाऊ वाकणकर यांच्यासारखे मराठी तरुण आघाडीवर होते. १९६१ मध्ये तो भारतीय संघराज्यात विधिवत सामील झाला. २०११ च्या जनगणनेत येथील साक्षरता सुमारे ७६ टक्के होती आणि लोकसंख्येत निम्म्याहून अधिक आदिवासी होते. वारली, कोकणा, धोडिया अशा घरांतून येणाऱ्या मुलास शाळेत गुजराती, मराठी, हिंदी वा इंग्रजी यांपैकी एखादे माध्यम भेटते. घरची बोली उंबऱ्याबाहेर राहते. अशा ठिकाणी चित्राचा मोह दुणावतो. चित्रास भाषा लागत नाही, म्हणून भाषेची अडचण चित्रानेच सुटेल, असे वाटू लागते.

हा भ्रम आहे. समुद्रतळ पाहून थक्क झालेले मूल यंत्र उतरविल्यावर गप्पच राहिले, तर त्याची अडचण सुटली नाही, ती केवळ झाकली गेली. त्यास प्रथम वारलीत बोलू द्यावे. जे पाहिले ते दमणगंगेच्या पुराशी, मधुबन धरणाच्या पाण्याशी ताडून पाहू द्यावे. मग शाळेच्या भाषेत लिहू द्यावे. याकरिता शिक्षकास त्या बोलीची ओळख हवी. ही उणीव कोणत्याही यंत्राच्या खरेदीने भरून निघणारी नाही.

म्हणून नव्या साधनास विरोध करण्याचे कारण नाही. त्याच्या शेजारची धवलेरीची जागा रिकामी राहू नये, एवढाच आग्रह आहे. चौक कितीही सुरेख उतरला, तरी गीत कोणी गायिले नाही तर लग्न लागत नाही.