पडद्यावरची शाळा आणि आपण इंदूरकर

गणेशोत्सवाच्या दहा दिवसांत आरत्या, अथर्वशीर्ष, मुलांच्या स्पर्धा आणि नाटक यांतून एखादी संध्याकाळ मोकळी सापडली, की मराठी चित्रपट ठेवण्याची टूम निघते. मग कोणता ठेवायचा यावर बैठक रंगते. कुणाला ऐतिहासिक हवा असतो, कुणाला विनोदी. शेवटी कुणीतरी ‘शाळा’चे नाव काढतो आणि सगळ्यात आधी हात वर होतात ते साठी ओलांडलेल्या मंडळींचे. नववीतल्या मुलामुलींची गोष्ट आजी-आजोबांना इतकी का हवीशी वाटावी? या प्रश्नाचे उत्तर शोधताना थोडे मागे जावे लागते.

मराठी पडद्यावरचा शाळकरी मुलगा म्हटले की पहिल्यांदा ‘श्यामची आई’च आठवतो. आचार्य अत्रे यांचा हा चित्रपट 1953 सालचा. राष्ट्रीय पुरस्कार 1954 मध्ये सुरू झाले, तेव्हा सर्वोत्कृष्ट चित्रपटाचे पहिले राष्ट्रपती सुवर्णपदक त्यालाच मिळाले. आपल्याला अभिमान वाटावा अशी आणखी एक गोष्ट म्हणजे त्यात आईची भूमिका करणाऱ्या वनमालाबाई आपल्या शेजारच्या उज्जैनच्या. पण श्याम हा आधी आईचा मुलगा होता. त्याला जे शिकायचे ते तो घरात, आईच्या पदराशी शिकला. त्याचे स्वतःचे, आईलाही न सांगता येणारे असे काही त्या चित्रपटात नव्हते, आणि त्या काळी कुणाला ते अपेक्षितही नव्हते.

दोनच वर्षांनी, 1955 मध्ये, अमेरिकेत ‘रिबेल विदाउट अ कॉज’ आला. जेम्स डीन त्यात आईबापांशी भांडणारा हायस्कूलचा मुलगा झाला होता. चित्रपट लागण्यापूर्वीच तो मोटार अपघातात गेला होता, त्यामुळे त्याचा चेहरा लोकांच्या मनात कायमचा तरुण राहिला. अमेरिकेत तोवर बहुतेक मुले हायस्कूलपर्यंत शिकू लागली होती, त्यांच्या हातात थोडे पैसे होते आणि त्यांना स्वतंत्र प्रेक्षक मानले जात होते. आपल्याकडे तसे नव्हते. आपल्या घरांत चौदा वर्षांचा मुलगा ‘अजून लहान’ असायचा आणि चौदा वर्षांची मुलगी ‘आता मोठी झाली’ असायची. मधल्या वयाला घरात नाव नव्हते, मग पडद्यावर कुठून येणार?

ते वय आपल्याला पहिल्यांदा नीट दिसले ते हिंदीत, हृषीकेश मुखर्जींच्या 1971 च्या ‘गुड्डी’त. दोन वेण्या घातलेली, धर्मेंद्रच्या नावाने वेडी झालेली ती शाळकरी मुलगी जया भादुरींनी केली होती. त्याही मध्यप्रदेशातल्याच, जबलपूरला जन्मलेल्या आणि भोपाळला शिकलेल्या. चित्रपटातली शाळेची प्रार्थना कोकणातल्या वसंत देसाईंनी स्वरबद्ध केली आणि वाणी जयराम यांनी गायिली. पुढे ती इतक्या शाळांत म्हटली जाऊ लागली, की ती सिनेमातून आली आहे हे मुलांना माहीतही नसते. पडद्यावरच्या शाळेने खऱ्या शाळेला काहीतरी दिले, याचे याहून चांगले उदाहरण आम्हाला ठाऊक नाही.

अमेरिकेतला आणखी एक चित्रपट इथे सांगायला हवा. जॉन ह्यूजचा ‘द ब्रेकफास्ट क्लब’ 1985 मध्ये आला. शिक्षा म्हणून पाच मुलांना शनिवारी शाळेच्या वाचनालयात बसवून ठेवतात, एवढीच त्याची गोष्ट. एक अभ्यासू, एक खेळाडू, एक श्रीमंताघरची, एक उनाड, एक अबोल. एरवी एकमेकांशी न बोलणारी ही मुले संध्याकाळपर्यंत एकमेकांना मनातले सांगून मोकळी होतात. 2016 मध्ये अमेरिकेने हा चित्रपट जतन करण्याच्या राष्ट्रीय यादीत घेतला. तो टिकला याचे कारण आपल्यालाही कळते. वेगवेगळ्या घरांतली माणसे एका बाकावर बसतात ती शाळेतच. पुढे प्रत्येकाची नोकरी, जात, कॉलनी ठरते आणि तसा बाक पुन्हा मिळत नाही.

आता आपल्या ‘शाळा’कडे येऊ. मिलिंद बोकील यांची कादंबरी 2004 ची. तिच्यावरचा सुजय डहाके यांचा चित्रपट 2012 च्या जानेवारीत लागला आणि सर्वोत्कृष्ट मराठी चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार त्याला मिळाला. गोष्ट मात्र आहे 1975 च्या आणीबाणीची. नववीतला मुकुंद जोशी वर्गातल्या शिरोडकरकडे पाहत राहतो आणि अखेर ती गाव सोडून जाते. म्हणजे गोष्ट घडली तेव्हा जे चौदा वर्षांचे होते, ते पडद्यावर ती पाहताना पन्नाशीला आले होते. हे चित्रपट मुलांविषयी असले तरी ते आपले म्हणून ओळखतात, ते बहुधा मोठे झालेले लोक. त्या वयात आपण जगत असतो, पण त्याचा अर्थ लावायला पुढची तीस वर्षे लागतात.

आम्हा इंदूरकरांना मात्र ‘शाळा’ पाहताना आणखी काहीतरी लागते. होळकरांच्या काळात इथे मराठीला दरबारात आणि दप्तरात स्थान होते. 1948 मध्ये मध्यभारत झाला, 1956 मध्ये मध्यप्रदेश झाला आणि आमच्या पिढीची शाळा हिंदीत भरली. रामबागेतल्या घरात मराठी, फाटकाबाहेर पाऊल टाकले की हिंदी. आईची बोलणी आम्ही मराठीत खाल्ली. आरती, पाढे, श्लोक, आजारपण, सुतक, सगळे मराठीत. पण मित्राला मारलेली हाक, वर्गात फिरलेली चिठ्ठी, सायकल थांबवून कुणाची तरी पाहिलेली वाट, हे सारे हिंदीत. पहिली चिठ्ठी लिहिताना ‘प्रिय’ हा शब्द तेवढा दोन्ही भाषांत चालणारा निघाला, बाकी मजकूर हिंदीच होता. मराठी ही आमच्यासाठी मोठ्यांची, धाकाची आणि देवघराची भाषा होऊन बसली होती.

‘शाळा’ने ती भाषा चौदा वर्षांच्या मुलांच्या तोंडी दिली. मराठीत टवाळी करणारी, मराठीत लाजणारी मुले आम्ही पन्नाशीत पाहिली आणि आपले जे वय हिंदीत गेले ते आपल्याच भाषेत कसे दिसले असते, हे पहिल्यांदा कळले. डोळे ओले झाले ते शिरोडकरसाठी तर होतेच, पण थोडे या चुकामुकीसाठीही होते.

तरी या आठवणींत फार रमून चालणार नाही. नागराज मंजुळे यांचा ‘फँड्री’ 14 फेब्रुवारी 2014 ला आला. त्यातला जब्याही वर्गातल्या शालूकडे असाच पाहतो. पण त्याला गावात घरच्यांबरोबर डुकरे पकडावी लागतात, आणि वर्गातली मुले ते पाहून हसतात. शेवटी तो दगड उचलून भिरकावतो. एकाच बाकावर बसूनही सगळ्यांची शाळा सारखी नसते, हे ‘शाळा’ पाहून हळवे झालेल्या आपल्यासारख्यांनी लक्षात ठेवायला हवे. आपल्या वर्गातले कोण मागच्या बाकावर एकटे बसायचे आणि आपण त्याच्याशी किती बोललो, हे ज्याने त्याने आठवून पाहावे.

आता प्रश्न नातवंडांचा. त्यांची शाळा इंग्रजी, मित्र हिंदी आणि मराठी उरली आहे ती आजीच्या फोनपुरती. मराठी टिकवा असे आपण त्यांना सांगतो, पण सांगताना पुन्हा श्लोक आणि शुद्धलेखनच पुढे करतो. जी चूक आपल्या बाबतीत झाली तीच आपण त्यांच्या बाबतीत करत आहोत. ज्या भाषेत फक्त सूचना मिळतात, तिच्याकडे मुले मनातले सांगायला येत नाहीत.

म्हणून यंदा चित्रपट ठेवलाच, तर मोठ्यांनी पुढच्या खुर्च्या अडवू नयेत. मुलांना शेजारी घेऊन बसावे. एखादा शब्द अडला तर कानात सांगावा आणि चित्रपट संपल्यावर आपल्या नववीतली एक गोष्ट त्यांना सांगावी, खरीखुरी आणि मराठीत. आजोबांनाही कधी चिठ्ठी लिहावीशी वाटली होती हे कळले, तर तेही आपली गोष्ट सांगतील. मराठीत सांगताना अडखळली, तरी आपण चुका काढायच्या नाहीत, एवढे पथ्य पाळू या.

गणपती बाप्पा मोरया!